घराचें छप्पर आणि त्याचा लेप

(ज्युबिलीच्या निमित्तानें भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत कोणी छपराविषयीं बोलावयास उभा राहावा, ह्याचें कित्येकांस नवल वाटेल. अशा प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, झालेल्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. आणि तें काम माझ्याहून योग्य वक्त्यांनीं केलेंच आहे. परंतु पूर्वजांनीं जें कार्य उभारलें तें चार भिंतींच्या आंत उभारलें, आणि त्या भिंती आजवर टिकल्या त्या डोक्यावरील छपरामुळें. घराचा पाया खडकावर असावा, हा उपदेश आपण शुभवर्तमानांत लहानपणापासून ऐकत आलों आहों. लोणावळ्यास राहणाऱ्या माणसानें त्यास एक पुरवणी जोडावी, ती ही कीं, पाया जसा खडकावर तसें घराचें डोकें कोरडें असावें.

आपल्या गांवीं पाऊस किती पडतो हें आपण अंगावर घेऊन जाणतों. एकदां तें आंकड्यांनींहि जाणून घेऊं. लोणावळ्यास वर्षाकांठीं सरासरीनें ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येथून साठ-पासष्ट किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास तो सुमारें ७०० मिलिमीटरच पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरांच्या एका मध्यम छपरावर आपल्याकडे एका पावसाळ्यांत चार लाख लिटर पाणी कोसळतें. ह्याच पावसावर भरंवसा ठेवून टाटांच्या कंपनीनें वळवण व शिरवता येथें धरणें बांधलीं, आणि १९१५ सालीं तें पाणी घाटाखालीं खोपोलीस सोडून मुंबईकरितां वीज निर्माण केली. तेथें जें पाणी यंत्रें फिरवितें, त्याच पाण्याशीं येथें आपल्या कौलांची व पत्र्यांची गांठ असते.

ह्या पाण्याच्या भीतीनें दरवर्षीं वैशाख संपतांना घरोघर धांदल उडते. कोणी डांबराचा डबा आणतो, कोणी दुकानदारानें पुढें केलेला महाग रंग घेतो, कोणी ताडपत्री ओढतो. एक-दोन पावसाळे जातात न जातात तोंच पाणी पुन्हा त्याच जागीं ठिबकूं लागतें, आणि पुन्हा तोच खर्च पुढें उभा राहतो. हातावर पोट असलेल्या कुटुंबाची महिन्याची कमाई अशा रीतीनें अक्षरशः पाण्यांत जाते. ओल आलेल्या खोलींत लहान मुलें व म्हातारीं माणसें खोकत पडतात, ही हानि निराळीच. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. लेप हें छपराचें वस्त्र आहे. तें छप्पर नव्हे. मोडलेल्या हाडावर नवा सदरा चढविल्यानें हाड सांधत नाहीं. छप्पर कशाचें आहे, पाणी कोठून शिरतें आणि ऋतु कोणता आहे, हे तीन प्रश्न ज्यानें आधीं सोडविले त्याला लेप तारतो; ज्यानें ते सोडविले नाहींत त्याचा कितीहि महाग डबा फुकट जातो.

ह्याचा एक पुरावा आपल्या शेजारींच आहे. कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलें गेलें. त्याच्या दगडी छताला लांकडाच्या कमानी जडविलेल्या आहेत, आणि त्या मूळच्या लांकडांपैकीं बराच भाग अद्याप जागेवर आहे. ज्या मावळांत आपल्या खिडक्यांचीं लांकडें थोड्याच पावसाळ्यांत कुजतात, त्याच मावळांत हें लांकूड वीस शतकें टिकलें. त्यावर कोणता अद्भुत रंग होता? लांकूड राखलें तें रंगानें नव्हे, तर वरच्या अखंड खडकानें. पाणी त्याच्यापर्यंत पोंचलेंच नाहीं. तेव्हां पाण्याची वाट आधीं बंद करावी, आणि लेप मागाहून लावावा, हा पहिला धडा.

दुसरा धडा गोव्याचा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष ज्या मंदिरांत आहेत, तें जुन्या गोव्याचें बॉम जेझसचें मंदिर आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. १६०५ सालीं त्याचें अभिषेचन झालें. तें जांभ्या दगडाचें आहे, आणि जांभा हा सच्छिद्र, पाणी पिणारा दगड. गोव्याच्या इतर जुन्या मंदिरांप्रमाणें ह्याहि मंदिरावर पूर्वीं चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकांत तो काढून टाकण्यांत आला, आणि आज यात्रेकरूंस जो तांबडा दगड प्राचीन म्हणून आवडतो तो वस्तुतः उघडा पडलेला दगड आहे. तेव्हांपासून पावसानें तो झिजत आहे. गिलावा पुन्हा चढवावा असा आग्रह २०२० सालीं त्या मंदिराच्या धर्मगुरूंनीं जाहीरपणें धरला. चुन्याचा तो थर दिसावयास साधा; पण तो आपण झिजे आणि आंतल्या दगडास राखी. झिजेल तेव्हां पुन्हा लावावयाचा, हाच त्याचा धर्म. लेप कायमचा असतो असें जो विक्रेता सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवूं नये.

आतां पहिला प्रश्न घेऊं : छप्पर कशाचें आहे? आपल्या गांवांत मुख्यतः चार प्रकारचीं छपरें दिसतात. मंगळुरी कौलांचें, पन्हळी पत्र्यांचें, सिमेंटच्या पत्र्यांचें आणि स्लॅबचें. प्रत्येकाचा रोग निराळा, म्हणून औषधहि निराळें.

कौलांचें छप्पर. १८६०च्या दशकांत बासेल मिशनच्या जर्मन कारागिरांनीं मंगळुरास यंत्रानें कौलें पाडण्यास प्रारंभ केला, आणि तीं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर पसरलीं. चांगलें भाजलेलें कौल बोटानें वाजवून पाहिलें तर खणखणीत वाजतें. त्यास लेपाची गरज फारशी नसते. कौलारू घर गळतें तें बहुधा फुटलेल्या कौलांतून, आढ्याच्या कोन्यांखालील सुटलेल्या चुन्यांतून, किंवा दोन उतार मिळतात त्या पन्हळींत सांचलेल्या पाल्यामुळें. माकडांच्या उड्यांनीं सरकलेलें एक कौल सबंध खोली भिजवूं शकतें. ह्यावर उपाय आपल्या आजोबांचाच : दरवर्षीं शाकारणी करावी, कौलें परतावीं, शेवाळ काढावें, कुजलेल्या रिपा बदलाव्या. कौलांवर जाड तैलरंग फांसूं नये. खालून शिरलेली वाफ त्यांतून बाहेर पडत नाहीं, आणि रंगाचे पोपडे सुटतात. शोष फार असेल तर सिलेन-सिलोक्सेन जातीचा, पाणी अडविणारा पण वाफ जाऊं देणारा, रंगहीन लेप मिळतो. तो वाळलेल्या व स्वच्छ कौलांवरच लावावा.

पन्हळी पत्र्यांचें छप्पर. लोखंडावर जस्ताचा थर चढविण्याच्या कृतीचें पेटंट सोरेल नांवाच्या फ्रेंच इंजिनियरानें १८३७ सालीं घेतलें. ही कृति म्हणजेच एक लेप होय, आणि तोहि स्वतः झिजून लोखंड राखणारा. पत्रा घेतांना जस्त किती आहे तें विचारावें. दर चौरस मीटरास दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असेल, तर एका बाजूचा थर एका मिलिमीटराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा होतो. १२० ग्रॅम असेल तर तो त्याच्या निम्म्याहूनहि कमी. दोन्ही पत्रे दुकानांत सारखेच चकाकतात. पण लोणावळ्याच्या पावसांत दोघांचें आयुष्य सारखें नसतें. नवे पत्रे ओलाव्यांत एकावर एक रचून ठेवूं नयेत. फटींत पाणी राहून त्यांवर पांढरा गंज चढतो.

नव्या कोऱ्या पत्र्यावर साधा तैलरंग टिकत नाहीं, कारण तेल व जस्त ह्यांच्या संयोगानें मधल्या मध्यें साबणासारखा पदार्थ होतो आणि रंग सालीसारखा सुटतो. म्हणून जुने रंगारी नवा पत्रा एक पावसाळा उघडा ठेवीत आणि मग रंगवीत. आतां जस्ताकरितां मुद्दाम केलेला प्रायमर मिळतो. तो लावल्यास वाट पाहावी लागत नाहीं. जुन्या पत्र्यावर गंज आला असेल तर तारेच्या ब्रशानें तो सुटा गंज काढावा. मात्र शाबूत जस्त खरवडूं नये. धूळ व तेलकटपणा धुऊन, पूर्ण वाळवून, त्याच दिवशीं झिंक फॉस्फेटचा प्रायमर द्यावा व त्यावर रंगाचे दोन हात. हुकांचे वायसर कडक झाले असतील तर बदलावे. पाणी बहुतकरून तेथूनच येतें. ज्या पत्र्यांतून उन्हाचे कवडसे घरांत पडतात, तो पत्रा रंगाच्या पलीकडे गेला, तो बदलावाच. त्यावर डांबर फांसणें म्हणजे गंजावर पडदा टाकणें होय. गंज आंत चालूच राहतो, आणि काळें डांबर उन्हानें तडकतें.

येथें एक सावधगिरीची सूचना. पूर्वीं लोखंडावर पहिला हात शेंदूर व जवसाच्या तेलाचा देत. शेंदूर म्हणजे शिशाची भस्में; तीं गंज उत्तम अडवीत, पण शिसें हें विष आहे आणि तें लहान मुलांच्या मेंदूस कायमचा अपाय करतें. भारत सरकारच्या २०१६च्या नियमांप्रमाणें घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसें असतां कामा नये. म्हणून नवा डबा शिसेविरहित आहे असें त्यावर छापलेलें पाहूनच घ्यावा. आणि जुना रंग कोरडा घासूं नये, पाणी शिंपडून ओला घासावा, व खालीं पडलेली भुकटी गोळा करावी. ज्या छपराचें पाणी पिण्याकरितां सांठवितात त्यावर शेंदूर किंवा डांबर कदापि लावूं नये.

सिमेंटचे पत्रे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतु असतात. पत्रा अखंड आहे तोंवर ते बद्ध असतात. कोरडा घासला, फोडला किंवा जोराच्या फवाऱ्यानें धुतला कीं ते हवेंत उडतात व फुप्फुसांत शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें अ‍ॅस्बेस्टॉसची गणना निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. म्हणून ह्या पत्र्यांवर तारेचा ब्रश चालवूं नये. शेवाळ ओलें करून मऊ ब्रशानें हळूंच काढावें व मग अ‍ॅक्रिलिकचा लेप द्यावा. तो पाण्याबरोबर तंतूंनाहि धरून ठेवतो. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, ह्या पत्र्यावर पाय देऊं नये. जुना पत्रा पाऊल ठेवतांच कांचेसारखा फुटतो व माणूस खालीं येतो. पर्लिनांवर आडव्या फळ्या टाकून, कमरेस दोर बांधून, खालीं एक माणूस उभा ठेवूनच काम करावें. दोन दिवसांची मजुरी वांचविण्यासाठीं कोणाच्या घरांतला कर्ता माणूस गमावूं नये.

स्लॅबची गच्ची. चुन्याच्या काळांत गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून, त्यांत हिरड्याचें व गुळाचें पाणी शिंपडीत, बाया ओळीनें बसून थाप्यांनीं तो दिवसचे दिवस ठोकीत. त्या ठोकण्यानें त्याचीं छिद्रें मिटत. हल्लीं कोबा सिमेंटचा घालतात. पण नियम तोच : गच्चीस उतार हवा, निदान शंभर भागांस एक भाग तरी, आणि पाणी जाण्याचें भोंक मोकळें हवें. पाणी सांचत असेल तर कोणताहि लेप लावण्यापूर्वीं उतार सुधारावा, कारण साधे अ‍ॅक्रिलिकचे लेप सतत पाण्याखालीं राहिल्यास मऊ पडतात. पाणी थोडेंबहुत राहणारच असेल तर पॉलियुरेथेनचा किंवा सिमेंट-पॉलिमरचा लेप निवडावा. स्लॅबच्या खालच्या अंगास सळया गंजून सिमेंट फुगत व गळत असेल, तर तें काम इंजिनियराचें आहे. वरून लेप लावून तो आजार झांकूं नये. तसेंच ओल वरून येत असतां खालून छताला रंग देणें व्यर्थ.

गच्चीस लेप देण्याची रीति अशी : आधीं धुवावी, भेगा उघडून भराव्या, भिंत व गच्ची मिळतात तो कोपरा गोलाईनें भरावा, कारण काटकोनांत लेप प्रथम तुटतो, मग प्रायमर, मग पहिला हात, तो ओला असतांच भेगांवर व कोपऱ्यांत फायबरची जाळी दाबावी, तो वाळल्यावर दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेनें. पूर्ण वाळल्यानंतर भोंकें बुजवून दोन दिवस पाणी भरून ठेवावें व खालीं पाहावें. ही परीक्षा चैत्रांत घेतली तर चूक सुधारावयास वेळ राहतो. आषाढांत ती आपोआप घेतली जाते. पांढऱ्या रंगाचा लेप घेतल्यास उन्हाळ्यांत खोली कांहींशी गारहि राहते.

आतां ऋतूचा प्रश्न. मृग नक्षत्र तोंडावर आल्यावर रंगारी शोधणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. पाऊस थांबला तरी कार्तिकांत येथील भिंती व गच्च्या आंतून ओल्याच असतात. आपल्याकडे योग्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यांत वळवाचा भरंवसा नाहीं. गच्ची वाळली कीं नाहीं हें कळण्यास एक सोपी युक्ति आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी कडा चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळीं त्याच्याखालीं थेंब दिसले तर थांबावें. पत्र्याचें काम करतांना दंवाचें भान ठेवावें. रंगकामाच्या शास्त्रांत पृष्ठभाग दंवबिंदूहून निदान ३ अंश सेल्सियस उबदार असावा असा नियम आहे. आपल्या थंड सकाळीं तो पाळावयाचा तर धुकें विरून पत्रा कोरडा झाल्यावर आरंभ करावा, व सायंकाळचें दंव पडण्याच्या पुष्कळ आधीं हात थांबवावा.

शेवटीं मापाविषयीं, कारण बहुतेक फसवणूक तेथेंच होते. एक लिटर लेप एक चौरस मीटरावर पसरला तर ओला थर एक मिलिमीटराचा होतो. त्यांतील निम्मा भाग पाण्याचा असेल तर वाळल्यावर थर अर्धाच मिलिमीटर उरतो. म्हणजे १०० चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटराचा वाळलेला थर हवा असेल तर २०० लिटर लेप लागेल. कोणी तें काम ६० लिटरांत करून देतों म्हणाला तर तो स्वस्त नव्हे. तो पातळ आहे. पन्हळी पत्र्यांचें क्षेत्रफळ पन्हळींमुळें सुमारें १५ टक्क्यांनीं व तीस अंशांच्या उतारामुळें आणखी तितकेंच वाढतें. तेव्हां जमिनीवरील मापाहून एकतृतीयांशानें अधिक धरावें. कंत्राटदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्या : पृष्ठभागाची तयारी कशी करणार, एकंदर लिटर किती व हात किती, आणि हमी कोणत्या अटीवर. डबे सीलबंद आलेले पाहावे, तयार केल्याची तारीख वाचावी, आणि काम झाल्यावर रिकामे डबे मोजावे. सर्वांत कमी दराच्या टेंडरास मान देण्याआधीं हे आंकडे शेजारीं मांडून पाहावे. घरास हें जितकें लागू तितकेंच देवमंदिरास.

ह्या ज्युबिलीच्या वर्षीं माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आपल्या तरुणांस. धर्मग्रामांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचीं व विधवा भगिनींचीं घरें आहेत. त्यांना छपरावर चढतां येत नाहीं आणि कंत्राटदाराशीं हुज्जतहि घालतां येत नाहीं. फेब्रुवारी महिन्याच्या एखाद्या रविवारीं मिस्सेनंतर दोघां-तिघांनीं मिळून त्यांचीं छपरें पाहून यावीं, सरकलेलें कौल सारखें करावें, पन्हळींतला पाला काढावा, व जें काम आपल्या हातचें नाहीं तें फादरांस कळवावें. जे सिमेंटच्या पत्र्यांचें घर पाहतील त्यांनीं खालूनच पाहावें. वर चढूं नये.

दुसरी विनंती कमिटीस. देवमंदिराच्या छपराची एक वही ठेवावी. कोणत्या सालीं कोणता लेप लावला, किती लिटर लागला, कोणी लावला, पाणी प्रथम कोठें दिसलें, हें तींत दर पावसाळ्यानंतर लिहावें. अशी वही नसल्यामुळें प्रत्येक नवी कमिटी तोच खर्च पुन्हा पहिल्यापासून करते. पुढील ज्युबिलीस येथें जे जमतील, त्यांस आपण छापलेलें हें पुस्तक कौतुकानें चाळावयास मिळेल. परंतु ती साधी वही त्यांच्या अधिक उपयोगी पडेल.